पायलीतली लाखोळी

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेदिवशी सौंदडात कोणाच्या घरी काय शिजतंय हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक असतं. पण त्या दुपारी शहारेंच्या चुलीवर वड्यांचं तेल धुरायला लागलं तरी कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. अख्खं घर छपरीत गोळा झालं होतं आणि अतुल एक्स-रेची काळी फिल्म आभाळाकडे धरून उभा होता. फिल्ममध्ये भुरी मांजरीच्या मागच्या पायाचं मांडीचं हाड होतं आणि ते मधोमध मोडलेलं होतं. ते कळायला डॉक्टर लागत नव्हता.

त्याच्या आईनं, पार्वताबाईंनी, खाटेवरून ती फिल्म एकदा पाहिली आणि मान वळवली. दुसऱ्यांदा बघायची त्यांची छाती झाली नाही.

आदल्या संध्याकाळी मंडईवाल्यांनी भोंगे बांधले आणि आवाज तपासायचा म्हणून एकदम सोडला. भुरी तेव्हा गुरांच्या कोठ्याच्या कवेलूंवर पाय पसरून पडली होती. ती दचकून उडाली, पायाखालचं कवेलू सटकलं आणि मांजर थेट खाली बैलबंडीच्या चाकावर आपटलं. मांजर म्हणे नेहमी पायावर पडतं. पडलं खरं, पण एकाच पायावर. सकाळी उजाडताच धाकट्या अश्विननं तिला पिशवीत घालून मोटारसायकलवर गोंदियाला, मोठ्या भावाच्या, अतुलच्या घरी नेलं. अतुलची पोरगी समीक्षा नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मंडईसाठी म्हणून घरी आली होती. तिनं फोटो काढवला, तो मोबाईलवरून आपल्या सरांना पाठवला, आणि कोहमाऱ्यावरून गाडी हाणत सगळे सौंदडला आले. नागपूरला परस्पर का नाही गेले, असं कोणीही विचारेल. पण भुरी आजीची होती. आजीला न विचारता तिच्या मांजरीला सुरी लावायची कोणाची हिंमत?

सरांचा निरोप सरळ होता. हाडात सळई घालावी लागेल. उद्या सकाळी ते स्वतः करतील, परवापासून बाहेरगावी आहेत. म्हणजे मांजर आज दिवे लागायच्या आत नागपुरात पोचलं पाहिजे. आणि आज मंडई.

आता मंडई म्हणजे काय ते झाडीपट्टीतल्या माणसाला सांगायला नको. दिवाळी एक वेळ चुकली तरी चालेल, गावची मंडई चुकवायची नाही. लेकीबाळी येतात, सोयरे येतात, पोरींना बघणारे येतात, पोरांना गिळायला टपलेले सासरेही येतात. अश्विनसाठी दोन ठिकाणचे पाहुणे दुपारून यायचे होते. शिवाय संध्याकाळच्या दंडारीच्या खेळात तो राणी व्हायचा होता, त्यामुळे एका डोळ्यात काजळ घालून आणि दुसरा तसाच ठेवून तो वादात उतरला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून पार्वताबाईंनी एकही मंडई चुकवली नव्हती. थोरल्याच्या वेळी दिवस भरले होते तेव्हासुद्धा त्या जिलेबीच्या दुकानापर्यंत जाऊन आल्या होत्या.

पहिला तोफगोळा गुलाबनं डागला. गुलाब म्हणजे पार्वताबाईंचा दीर, रेल्वेतून निवृत्त, त्याच अंगणात पलीकडच्या घरात राहणारा. गालात तंबाखूचा खर्रा धरून तो म्हणाला की बांधावर हाडजोडीचा वेल माजला आहे, तो वाटून लावू, वरून बांबूच्या कामट्या बांधू, मांजर संक्रांतीपर्यंत उंदरामागे पळेल. नागपूर-फिगपूर कशाला? आणि गाव काय म्हणेल? आज गाव नुसतं गाव नाही, पंचक्रोशी जमलेली आहे. शहारे मंडई टाकून मांजरीच्या ऑपरेशनला गेले, हे दंडारीतला सोंगाड्या रात्री स्टेजवरून सांगेल, आणि पुढल्या मंडईतही सांगेल.

समीक्षानं या छोट्या आजोबांना शांतपणे समजावलं. नडगी असती तर कामट्या चालल्या असत्या. मांडी बांधता येत नाही, हाडाची टोकं आत एकमेकांवर घासत राहतात आणि जनावर बोलत नाही एवढंच. नुसतं कोंडून ठेवलं तर कदाचित जुळेलही, पण वाकडं जुळेल आणि दुखत राहील.

अतुलचं म्हणणं वेगळं होतं. त्याचा व्यापार गोंदियाच्या बाजारात, त्यामुळे तापला की त्याची जीभ हिंदीकडे वळायची. तो म्हणाला, ठीक आहे, करू, लेकिन आजच क्यों? घरात पाहुणे, अश्विनची सोयरीक, आणि गाडी एकच. मंडई होऊ दे, पुढच्या आठवड्यात दुसरा डॉक्टर बघू. त्याच्या बायकोनं, रश्मीनं, त्याला दुजोरा दिला. रश्मी आणि भुरी यांचं जुनं वैर होतं. भुरीनं पहिली पिल्लं या घरच्या पेटीतल्या रश्मीच्या लग्नाच्या शालूवर घातली होती, आणि शालूवरचा तो डाग रश्मी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे. पण तिच्या बोलण्यातलं खरं दुखणं दुसरंच होतं आणि ते बाहेर आलंच. पोरगी माणसांची डॉक्टर झाली असती तर आज लोक तिच्याकडे आले असते, आता मंडईच्या दिवशी मांजर घेऊन हिंडते आहे.

समीक्षाचा चेहरा उतरला. एवढी वर्षं शिकून घरात तिच्या शब्दाला हाडजोडीच्या वेलाइतकीही किंमत नव्हती. अश्विननं मात्र पुतणीची बाजू उचलून धरली. धान घरात यायचं आहे, शेतात कापणीचे पुंजने रचले आहेत, धान्याचे ढोले भरतील तेव्हा चार पायांची भुरी पाहिजे. तीन पायांच्या मांजरीला उंदीर सलाम ठोकून जातील. सोयऱ्यांचं काय, ते चहा पिऊन बसतील. पोरगा आवडला नाही तर काजळ असो नसो, नाहीच आवडणार.

हे सगळं चाललं होतं आणि पार्वताबाई तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या. भुरीला ठेवलं होतं त्या आतल्या खोलीच्या दाराकडे त्यांची नजर फिरून फिरून जात होती. पण बोलायची सोय नव्हती, कारण या घराचा कायदाच तसा होता. त्यांचे सासरे दसाराम छप्पनच्या साली नागपूरहून धम्म घेऊन आले आणि त्यांनी भगताचं अंगणात येणं बंद केलं. त्याआधी घरातली प्रत्येक मोठी गोष्ट भगताला विचारून, कौल लावून व्हायची. बुढ्यानं सांगितलं, बाबासाहेबानं तुमाले मत देलं, आता कौल देवाले नाई, घरातल्या माणसाले लावायचा. आतल्या खोलीत धान मोजायची पितळी पायली ठेवायची. शेजारी दोन वाट्या, एकीत धान, एकीत लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचे टणक दाणे. एकेकानं आत जायचं. हो असेल तर धानाचा दाणा पायलीत, नाही असेल तर लाखोळीचा. बायकांनाही मत, शिकत्या पोरांनाही मत. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं आधी तोंड उघडायचं नाही, नाहीतर बाकीचे त्याच्यामागं मेंढरासारखे जातात. आणि कोणाचा दाणा कोणता, हे जन्मात विचारायचं नाही, सांगायचं नाही.

तर पार्वताबाई बोलू शकत नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर कायदा नसता तरी त्या बोलल्या नसत्या. मागल्या उन्हाळ्यात शेजारच्या सुशिलाबाईनं आपला मोती कुत्रा भंडाऱ्याला नेऊन त्याच्या पायाचं ऑपरेशन करून आणलं होतं, तेव्हा याच पार्वताबाईंनी बोरिंगवर चार बायकांत तिची अशी काही उडवली होती की सुशिलाबाई महिनाभर दुसऱ्या बोरिंगवर पाण्याला गेली. कुत्र्याले सलाईन लावते म्हणे, आता त्याले भेटाले फळं घेऊन जावा लागते. हे त्यांचे शब्द. आता कोणत्या तोंडानं म्हणणार की माझ्या मांजरीला नागपूरला न्या?

पण मंडई उलगते, पाहुणे जातात, गोंदियाची गाडी गोंदियाला जाते, अश्विन पहाटे शेतावर निघतो. मग या एवढ्या घरात कोण असतं? भुरी असते. पार्वताबाई तांदूळ निवडतात तेव्हा सुपाच्या कडेला बसते, दुपारी त्यांच्या पोटावर झोपते, रात्री पायाशी. दिवसभरातलं निम्मं बोलणं त्या भुरीशीच बोलतात आणि ती ऐकूनही घेते. ती गेली तर बोलायचं कोणाशी, भिंतीशी?

प्रश्न विचारायला मात्र कायद्यानं मनाई नव्हती. त्यांनी समीक्षाला जवळ बोलावलं आणि एकच विचारलं.

"भूल देतेत नं तिले? मंग उठते नं थे?"

समीक्षा खोटं बोलली असती तर सोपं होतं. "बहुतेक उठतात आजी. भुरीचं वय झालंय थोडं, पण छाती चांगली आहे तिची. तरी वचन नाही देऊ शकत मी."

सगळ्यांना एकच आठवलं. समीक्षाचे सख्खे आजोबा, पार्वताबाईंचे मालक, असेच आपल्या पायांनी चालत नागपूरच्या दवाखान्यात गेले होते आणि भुलीतून उठले नाहीत. डॉक्टरांचा दोष नव्हता, नशिबाचाही म्हणता येत नव्हता. त्या ऑपरेशनचा कौलही याच पायलीत लागला होता आणि पार्वताबाईंनी आपल्या हातानं धान टाकलं होतं. त्यानंतर पायली माळ्यावर गेली ती आजवर खाली आली नव्हती. अश्विनचं ट्रॅक्टर, अतुलचं दुकान, सगळं तोंडातोंडीच ठरलं.

"पायली काढ गा अश्विन," पार्वताबाई म्हणाल्या.

अश्विननं काजळाचा डोळा पुसला आणि शिडी लावली.

पायली चिंचेनं घासून आत ठेवायचं काम थोरल्या माणसाचं. पार्वताबाई ती घेऊन आतल्या खोलीत गेल्या. भुरीची टोपली तिथंच होती, कारण घरात दाराला कडी असलेली ती एकच खोली, आणि पाहुण्यांच्या पोरांपासून तिला वाचवायचं होतं. पायलीच्या आत बुढ्याच्या वेळचा जाड खादीचा रुमाल घडी घालून ठेवलेला असायचा. भुरी टोपलीत कुडकुडत होती, दुखण्यानं की भीतीनं कोण जाणे. पार्वताबाईंनी तिच्यावर हात फिरवला, काहीतरी पुटपुटल्या, पायली मांडली, वाट्या मांडल्या आणि बाहेर आल्या.

गुलाबनं आत डोकावून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "वैनी, हे काय व? उमेदवारच मतदान केंद्रात बसवला तुमी."

सगळे हसले. एवढ्या वेळात पहिल्यांदा हसले. अतुल म्हणाला की ये तो आचारसंहिता का भंग है. पार्वताबाई म्हणाल्या की दुसरी खोली रिकामी दाखवा, भुरीला उचलून तिकडे नेते. दुसरी खोली पाहुण्यांच्या बोचक्यांनी भरली होती, तेव्हा तक्रार तिथंच निकालात निघाली.

बाहेर भोंगा बोंबलत होता. आकाशपाळण्याचं तिकीट, हरवलेलं पोरगं, शिंगाडेवाल्याची जाहिरात, सगळं एका दमात. अंगणात ढोलकीवाले येऊन अश्विनला हाका मारत होते. आणि आत एकेक जण जात होता.

आधी समीक्षा गेली आणि लगेच आली. अश्विन गेला, तोही आला, येताना मात्र त्याचा काजळाचा डोळा जास्तच पसरला होता. रश्मी पदर खोचून तावातावानं आत शिरली, जशी काही शालूचा हिशेब चुकता करायला निघाली होती, आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा नवीन साडीवर करडे केस चिकटले होते आणि ती कोणाकडे न बघता चुलीकडे गेली. अतुल नाक ओढत बाहेर आला आणि म्हणाला की आत धूळ फार झाली आहे. गुलाब तर आत जाऊन खर्रा थुंकायला मागच्या दारानं गेला आणि तिकडूनच फेरी मारून पुढं आला. त्यानं छपरीत दाराला अगदी खेटून बसकण मारली.

शेवटी पार्वताबाई उठल्या.

आत अंधार होता आणि भुरीचे डोळे तेवढे दिसत होते. पार्वताबाईंनी धानाच्या वाटीत बोटं घातली. मनानं केव्हाच हो म्हटलं होतं, सकाळपासून तेच तर म्हणत होतं. पण बोटांना मागचं आठवलं. असाच एक दाणा टाकला होता आणि माणूस परत आलं नव्हतं. वाकडी तर वाकडी, लंगडी तर लंगडी, डोळ्यांपुढं तर राहील. दुखलं तर मी मांडीवर घेईन. भुरी त्यांच्याकडे बघून बारीक आवाजात एकदा ओरडली. पार्वताबाईंनी डोळे मिटले आणि दुसऱ्या वाटीतला दाणा उचलला.

नेमका त्याच क्षणी गावातला करंट गेला. भोंगा मधेच गळा धरल्यासारखा बंद पडला, पाळणा थांबला, सगळीकडे एकदम शांत झालं.

पायलीत दाणा पडला. टण्.

पार्वताबाईंच्या कानाला ते लागलं, पण मन ठिकाणावर कुठं होतं? त्या बाहेर आल्या. छपरीत सगळे खाली बघत होते. अतुल चपलेचा पट्टा नीट करत होता, गुलाब खर्ऱ्याची पुडी उलगडून परत बांधत होता. निकालाच्या काळजीनं बसले आहेत बिचारे, असं त्यांना वाटलं.

पायली उघडायचा मान सगळ्यात लहान मताचा. समीक्षानं ती बाहेर आणली आणि सुपात उलटी केली. धान, धान, धान. सगळं धानच. आणि त्यात एक लाखोळी, चपटी, करडी, दुरून दिसणारी.

अश्विननं टाळी वाजवली आणि मग हात तसेच हवेत राहिले. पार्वताबाई त्या सुपाकडे बघत राहिल्या. हाडजोडीवाला गुलाब, शालूवाली रश्मी, आचारसंहितावाला अतुल, सगळ्यांनी भुरीला हो म्हटलं होतं. आणि तिला पोटावर घेऊन झोपणारी एकटी म्हातारी नाही म्हणाली होती. लाजेनं त्यांचे कान तापले.

तेवढ्यात गुलाब खाकरला. "थे लाखोळी माही हो," तो म्हणाला. "मी आधीच सांगतलं होतं, मले नाई पटत. पण घर म्हणते तं चला. काऊन बसले आता? निघा."

दसारामबुढ्याचा कायदा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मोडला होता. पार्वताबाईंना काही कळेना. आपला दाणा हा आपल्या अंगावर का घेतो आहे? आणि याला कसं कळलं? त्या गोंधळून आत गेल्या, भुरीला उचलायला. टोपलीत हात घातला तर बोटांना जाडभरडं कापड लागलं. भुरीच्या अंगावर खादीचा रुमाल पांघरलेला होता. पायलीतला. लाखोळीचा आवाज होऊ नये म्हणून बुढ्यानं तळाशी ठेवलेला. धान पडलं तर मुंगीलाही ऐकू जात नाही, लाखोळी मात्र पितळेवर बोलते. कुडकुडणारं मांजर बघून त्यांनी आपल्याच हातानं तो काढला होता आणि तिच्यावर घातला होता.

म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. घरानं, दिरानं, सुनेनं, सगळ्यांनी. आणि सगळे चपलेचे पट्टे नीट करत बसले होते.

पार्वताबाईंना हसू आलं की रडू ते त्यांचं त्यांना समजलं नाही. टोपली पोटाशी धरून त्या छपरीत आल्या आणि उभ्या राहिल्या.

"भाऊजी, खोटं बोलाचं वय नाई तुमचं. लाखोळी माही हो. मले भेव वाटते. थे उठली नाई तं मी काय करू, हे भेव वाटते मले. पण तुमी सगळे हो म्हणले, तं हो. मीच घेऊन जातो तिले."

गुलाबनं मान खाली घातली. रश्मी चुलीपासून उठली, हात पदराला पुसले आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो डागाळलेला शालू होता. तिनं तो घडी करून टोपलीखाली घातला. एवढी वर्षं मिरवलेला डाग एकदाचा कामी आला.

"आई, समीक्षा म्हणते तसंच करा तिकडं," ती म्हणाली. "तिले कळते."

समीक्षानं आईकडे बघितलं आणि चटकन गाडीचं दार उघडलं. बघता बघता अंगणात धांदल उडाली. अश्विननं गरम वडे कागदात बांधून दिले, गुलाबनं सोयऱ्यांना चहा पाजायची आणि नवरामुलगा दाखवायची जबाबदारी घेतली, फक्त काजळ पुसून दाखवायचा की तसाच याचा निकाल लागला नाही. अतुल गाडी काढताना ओरडत होता की आता तरी चला, नाहीतर साकोलीतच रात्र होईल.

गाडी निघाली खरी, पण मंडईच्या तोंडाशी अडकली. करंट आला होता. भोंगा दुप्पट जोरानं सुरू झाला, पाळणा फिरायला लागला, आणि रस्ताभर माणूसच माणूस. भुरी मांडीवरच्या टोपलीत दबून बसली होती आणि पार्वताबाईंनी तिचे दोन्ही कान तळहातांनी झाकले होते. बायका काचेतून वाकून बघत होत्या. मंडईच्या दिवशी शहारेंची म्हातारी गावाबाहेर चालली, हे अजब कोणाला सोसवत नव्हतं.

आणि त्या बायकांत सुशिलाबाई होती. शिंगाड्यांची पिशवी धरून ती खिडकीशी आली. "कोठं चालल्या व बाई, मंडई सोडून?"

अतुलनं आरशातून आईकडे पाहिलं. सांगायला कारणं ढीगभर होती, सोयऱ्याकडे, दवाखान्यात, काहीही. पार्वताबाईंनी एका हातानं काच पूर्ण खाली केली आणि पुन्हा भुरीचे कान झाकले.

"भुरीचा पाय मोडला. नागपूरले ऑपरेशन कराले नेऊन रायलो," त्या म्हणाल्या. आता उडव माझी, उडवून घे, तुझा हक्क आहे, असं म्हणत त्यांचे डोळे तिच्यावर रोखलेले होते.

सुशिलाबाईनं टोपलीत बघितलं. शालू बघितला, रुमाल बघितला, कान झाकलेले हात बघितले. मग पिशवीत हात घालून मूठभर शिंगाडे काढले आणि पार्वताबाईंच्या ओटीत टाकले.

"माहा मोती दुपारी झोपवला तं संध्याकाळी शेपूट हालवत उठला," ती म्हणाली. "उठते व बाई. भेऊ नोको."

पुढची बंडी सरकली आणि गाडीला वाट मिळाली. पार्वताबाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली. गाव मागं पडलं, भोंगा बारीक होत गेला, तेव्हा त्यांनी भुरीच्या कानांवरचे हात काढले. मग एक शिंगाडा सोलून समीक्षाला दिला.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "खाऊन घ्या. रात्रभर जागाचं हाय आपल्याले."